जुन्या पत्त्याचे देणे

संकेतस्थळ नव्या डोमेनवर न्यायचे म्हटले की कामांची एक ठरलेली यादी पुढे येते. नवे नाव विकत घ्या, फायली हलवा, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ‘३०१’ प्रकारचा कायमचा रिडायरेक्ट लावा, गूगलला कळवा आणि पुढचे काही आठवडे वाचकांचे आकडे बघत राहा. आकडे सावरले की काम फत्ते. अमेरिकेत या यादीवर सल्लागारांचा एक अख्खा धंदा चालतो. यादीत चूक अशी काही नाही. उथळ आहे ती यादीमागची समजूत: डोमेन म्हणजे मालकाची पाटी, आणि पाटी कधी उतरवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न.

माझे म्हणणे असे की वापरात रुळलेले डोमेन एकट्या मालकाचे राहत नाही. ते दुसऱ्यांच्या कागदांत, यंत्रांत आणि सवयींत जाऊन बसते, आणि तिथून ते उपटून आणण्याची कुठलीही सोय मालकाकडे नसते. त्यामुळे नाव बदलणाऱ्याच्या पदरी नव्या नावाबरोबर जुन्याचीही राखण येते, आणि तिला मुदत नसते. ज्याला दोन्ही नावे सांभाळायची नाहीत, त्याने नाव बदलूच नये. हे टोकाचे वाटेल, म्हणून टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. ही व्यवस्था नाव न हलण्यासाठीच केली होती

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात डोमेन-नावांची व्यवस्था मांडली. संगणक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, एका संस्थेतून दुसरीत गेला, त्याचा आकडी पत्ता बदलला, तरी बाहेरच्या माणसाला ते कळायची गरज पडू नये, ही या व्यवस्थेतली मोठी सोय. यंत्र हलेल, नाव हलणार नाही. १५ मार्च १९८५ ला ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नोंदले गेले. पुढची दहा वर्षे नावे फुकट मिळत होती, त्यामुळे ती सोडण्याचाही प्रश्न कुणाला पडत नसे. १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने दोन वर्षांचे शंभर डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि नाव ही भाड्याची वस्तू झाली.

भाड्याची, हे नीट लक्षात घ्यावे. ‘आम्ही डोमेन विकत घेतले’ असे आपण सर्रास म्हणतो, पण एका वेळी फार तर दहा वर्षांची नोंदणी मिळते, त्यापुढे पुन्हा पैसे भरायचे. वरच्या मजल्यावर कोण बसतो हेही आपल्या हातात नसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटरनेट सोसायटीने ‘डॉट ऑर्ग’चा सगळा कारभार एथोस कॅपिटल या खाजगी गुंतवणूकदाराला १.१३५ अब्ज डॉलरला विकायचे ठरवले. जगभरच्या धर्मादाय संस्थांनी आरडाओरडा केला आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅन या नियामक संस्थेने परवानगी नाकारली, म्हणून तो सौदा फिसकटला. युगोस्लाव्हियाचे ‘डॉट वाययू’ मात्र देशामागोमाग गेले. २०१० मध्ये ते कायमचे बंद झाले. तेव्हा ज्याला मालक म्हणतो तो खरे तर भाडेकरू आहे, आणि भाडेकरूने जागा सोडली की तिथे कुणीही येऊ शकतो. पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

२. पत्ता कागदावर उतरला की परत येत नाही

रिडायरेक्ट लावून सगळ्या लिंक्स वाचवता येतात, पण त्या अटीवर की ज्या नावावर तो लावला आहे ते नाव आपल्याकडे राहील. ही अट यादीत बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हिंसक व्हिडिओ गेम्ससंबंधीच्या खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतात एका संकेतस्थळाचा पत्ता संदर्भ म्हणून दिला होता. ते स्थळ बंद पडले, नाव सुटले आणि कुणीतरी ते उचलले. त्यानंतर निकालपत्रातला तो पत्ता टाइप करणाऱ्याला पुरावा मिळायचा बंद झाला आणि एक खोचक निरोप मिळू लागला: इंटरनेटवरच्या संदर्भांचा भरवसा किती धरायचा, ते बघून घ्या. देशातल्या सर्वात वरच्या कोर्टाच्या तळटीपेत अनोळखी माणसाने आपला मजकूर घुसवला, आणि त्यासाठी त्याने कायदा मोडला नाही की कुलूप फोडले नाही. न्यायालयाला ती तळटीप परत बोलावता येत नव्हती. ती छापली गेली होती.

हा एखाददुसरा अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण हार्वर्डच्या जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी तपासले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या निम्म्या लिंक्स मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हत्या. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आणि इतर काही कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितले की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. यातली सगळीच पडझड डोमेन बदलल्याने झालेली नाही. पाने पुसली जातात, संस्था बंद पडतात. पण डोमेन सुटते तेव्हा एका झटक्यात त्यावरची सगळीच पाने जातात, आणि हे नुकसान टाळायला सर्वात स्वस्त असते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, जिथे नाव जागेवर राहते आणि राहणारा बदलतो. २० जानेवारी २०१७ ला दुपारी व्हाइट हाउसच्या संकेतस्थळाचा ताबा नव्या अध्यक्षांकडे गेला आणि ओबामांच्या आठ वर्षांची पाने राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डोमेनखाली ‘ओबामाव्हाइटहाउस’ या नावाने हलली. क्लिंटन आणि बुश यांच्या कारकिर्दींची पाने अशीच जपली आहेत. २०२१ आणि २०२५ मध्येही तेच झाले. बातम्यांत, प्रबंधांत दिलेले जुने पत्ते त्या दिवसापासून तुटले. मात्र पत्त्याचा मागचा भाग जसाच्या तसा ठेवल्यामुळे ज्याला युक्ती माहीत आहे तो पुढचे नाव बदलून पानापर्यंत पोहोचतो. मला हे स्थलांतर अर्धे चांगले वाटते. मजकूर वाचला, वाट मात्र माहीतगारांपुरती राहिली. पत्त्याचा मागचा भाग न बदलण्याची ती शिस्त नगरपालिकांनी आणि वर्तमानपत्रांनी उचलायला हवी होती. बहुतेक जण उलट करतात: स्थलांतराच्या निमित्ताने आतली सगळी रचना बदलतात आणि जुन्या पानांना मुखपृष्ठावर आणून सोडतात. पूररेषेचा नकाशा शोधायला आलेल्या माणसासमोर महापौरांचा हसरा फोटो येतो. हिशेबात ती भेट यशस्वी धरली जाते.

३. माणसापेक्षा यंत्राची आठवण चिवट

कागदावरचा पत्ता निदान दिसतो तरी. यंत्रांत बसलेले पत्ते दिसतही नाहीत, आणि खरा धोका तिथे आहे.

सोडलेल्या डोमेनचे काय होते ते आधी बघू. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपल्यावर साधारण दीड महिन्यापर्यंत ते नोंदवून देणारा रजिस्ट्रार मालकाला ते परत घेऊ देऊ शकतो. मग तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येते. मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर खुले होते. त्या क्षणाची वाट बघत संगणक बसलेले असतात. नाव उचलणे हा त्यांच्या मालकांचा धंदाच आहे. ज्या नावाकडे जुन्या लिंक्स येतात ते त्यांना जास्त हवे असते. म्हणजे आपण वर्षानुवर्षे मिळवलेला विश्वास हीच त्या नावाची किंमत.

‘डॉट मोबी’ नावांची नोंदवही चालवणाऱ्यांनी आपला माहिती-सर्व्हर एका डोमेनवरून दुसऱ्यावर हलवला. यादीप्रमाणे काम पूर्ण झाले. डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या डोमेनची मुदत संपू दिली. २०२४ मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी ते नाव वीस डॉलरला घेतले आणि तिथे आपला सर्व्हर लावला. काही दिवसांत एक लाख पस्तीस हजारांहून जास्त यंत्रणा तिथे चौकशी करायला आल्या. त्यांत सरकारी आणि लष्करी यंत्रणा होत्या, आणि सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थाही होत्या. म्हणजे एखाद्या नावाचा खरा मालक कोण, हे ज्यांनी ठरवायचे तेच सोडून दिलेल्या पत्त्यावर विचारायला जात होते. संशोधकांच्या जागी चोर असता तर मोठमोठ्या कंपन्यांच्या डॉट मोबी नावांची खोटी प्रमाणपत्रे त्याला मिळवता आली असती. हे काम एखाद्या नवशिक्या दुकानदाराचे नव्हते. नावांची नोंदवही सांभाळणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या घरात हे झाले.

ट्विटरची गोष्ट वेगळ्या कोनातून तेच सांगते. कंपनीने १७ मे २०२४ ला आपला कारभार एक्स डॉट कॉमवर नेला. त्याआधी एप्रिलमध्ये तिच्या आयफोनच्या अ‍ॅपने पोस्टमधल्या ‘ट्विटर डॉट कॉम’च्या जागी ‘एक्स डॉट कॉम’ दाखवायला सुरुवात केली, तेही आंधळेपणाने. त्यामुळे कुणी ‘फेडेट्विटर डॉट कॉम’ लिहिले तर वाचणाऱ्याला ते ‘फेडेक्स डॉट कॉम’ दिसे, आणि क्लिक मात्र पहिल्यावर जाई. लोकांनी घाईघाईने असली नावे नोंदवली. त्यांतल्या काहींनी ती चोरांच्या हाती पडू नयेत म्हणून घेतली, हे नशीब. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने सुरक्षा-किल्ली वापरणाऱ्यांना ती १० नोव्हेंबरच्या आत नव्याने नोंदवायला सांगितले, कारण अशी किल्ली ज्या डोमेनवर नोंदली त्याच्याशीच बांधलेली असते. ट्विटरचे डोमेन निवृत्त करता यावे, असे कारणही दिले. इतक्या वर्षांच्या बातम्यांत, खटल्यांत, प्रबंधांत जो पत्ता ठासून भरला आहे, तो ‘निवृत्त’ करण्याची भाषा इतक्या सहज वापरली जाते, यावरून समजुतीचा उथळपणा मोजता येतो.

४. गूगलचे एक वर्ष

सल्लागार सांगतात, रिडायरेक्ट वर्षभर ठेवा. हा आकडा गूगलच्या सूचनांतून आला आहे. तिथे शक्य तितका जास्त काळ, साधारणपणे निदान एक वर्ष, असे म्हटले आहे. पहिला अर्धा भाग गळतो आणि दुसरा नियम होऊन बसतो. ते वर्ष गूगलच्या यंत्राला जुन्या पत्त्याची पत नव्यावर उतरवून घ्यायला लागणारा वेळ आहे. निकालपत्राला, पाठ्यपुस्तकाला, दवाखान्याच्या भिंतीवरच्या क्यूआर कोडला असे वर्ष नसते.

५. गिऱ्हाईक नाव बोटांनी लक्षात ठेवते

धंद्याच्या अंगाने बघू. सॉल्ट लेक सिटीची ओव्हरस्टॉक ही कंपनी २०११ मध्ये स्वतःला ‘ओ डॉट सीओ’ म्हणवू लागली. ओकलंडच्या स्टेडियमलाही ते नाव दिले. लोक सवयीने शेवटी डॉट कॉम लावत आणि दुकानापर्यंत पोहोचतच नसत. कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे २०२३ मध्ये याच कंपनीने दिवाळखोर बेड बाथ अँड बियाँडचे नाव २ कोटी १५ लाख डॉलरला घेतले आणि ऑगस्टपासून आपले अमेरिकेतले दुकान त्या डोमेनवर हलवले. ओव्हरस्टॉकचे गिऱ्हाईक स्वस्तातला माल शोधत येई. त्याला चादरी-टॉवेलांच्या दुकानात आणून सोडले. २०२४ मध्ये ओव्हरस्टॉक डॉट कॉम पुन्हा उघडावे लागले. त्यांना ते उघडता आले, कारण जुने नाव त्यांनी सोडले नव्हते. या कंपनीच्या निर्णयांबद्दल काय म्हणायचे ते म्हणा, पण परतीची वाट राखण्याचे शहाणपण तिच्याकडे होते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: कधीकधी नाव बदलणे भागच असते. मान्य, आणि काही वेळा ते बदललेच पाहिजे. अमेरिकेत अनेक शहरांचे पत्ते एकेकाळी ‘सीआय डॉट मिनियापोलिस डॉट एमएन डॉट यूएस’ अशा लांबलचक वळणाचे होते. मिनियापोलिसने पुढे सुटसुटीत डॉट गव्ह घेतले. एप्रिल २०२१ पासून डॉट गव्ह नाव सरकारी संस्थांना फुकट मिळते. त्याआधी वर्षाला चारशे डॉलर पडत. निवडणूक कार्यालय डॉट कॉमवर असण्यापेक्षा डॉट गव्हवर असणे केव्हाही बरे, कारण तिथे कुणीही उठून नाव घेऊ शकत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितले, तेही याच कारणासाठी. पण सुरक्षेसाठी केलेल्या स्थलांतरातच जुने नाव सर्वात धोकादायक ठरते. स्टेट बँक आधी ‘एसबीआय डॉट सीओ डॉट इन’ होती, मग ‘बँक डॉट एसबीआय’ झाली, आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ आहे. सोलापूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने यातला पहिला पत्ता वहीत लिहून ठेवला असेल. तो पत्ता चुकून कुणा भामट्याच्या हाती गेला, तर नव्या नावाच्या भक्कम कुलपाचा त्या माणसाला काहीच उपयोग नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: कायमची जबाबदारी कोण घेणार? डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर आहे. किरकोळीत वर्षाला पंधरा-वीस डॉलर धरा, वर रिडायरेक्ट देणारा एक छोटा सर्व्हर. नव्या बोधचिन्हाच्या पहिल्या बैठकीचा चहा-नाश्ता याहून महाग पडतो. संस्था बंदच पडत असेल तर प्रश्न खरा आहे, आणि त्याला आज चांगले उत्तर नाही. बंद पडणाऱ्या संस्थेची नावे ग्रंथालयांनी किंवा विद्यापीठांनी दत्तक घ्यावीत, असे मला वाटते. हस्तलिखिते घेतात तशी नावेही घेता येतील.

तिसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: इंटरनेट आर्काइव्ह आहे की. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या या संस्थेचे उपकार मोठे आहेत. पण तिथली प्रत जुन्या पत्त्यावर आपोआप उघडत नाही. ती शोधायला जावे लागते, आणि जाणारे शेकड्यात थोडे. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाला तेव्हा ही संस्था स्वतःच काही दिवस बंद होती. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनेही आपल्या ‘गू डॉट जीएल’ या छोट्या पत्त्यांना ऑगस्ट २०२५ ची मुदत दिली होती. ओरड झाली तेव्हा वापरात असलेले पत्ते चालू ठेवायचे कबूल केले. दुसऱ्याच्या औदार्यावर आपल्या वाचकाला सोडणे हे धोरण होत नाही.

चौथा आक्षेप: आता पत्ता टाइप कोण करतो, सगळे शोधूनच येतात. शोधयंत्र कुणाला वर ठेवायचे हे ठरवताना जुन्या लिंक्सच मोजते, हे एक. ई-मेलचे काय, हे दुसरे. सोडलेल्या डोमेनवर येणारे टपाल नव्या धन्याच्या पेटीत पडते. त्यात पासवर्ड बदलण्याचे निरोपही असतात.

पाचवा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो: माणसाला किंवा संस्थेला भूतकाळाशी नाते तोडण्याचा हक्क नाही का? आहे. पाने काढून टाका, सर्व्हरला ‘४१०’ म्हणजे ‘हे कायमचे गेले’ असे सांगू द्या. पण नाव सोडल्याने भूतकाळ पुसला जात नाही. आपल्या जागी बोलायचा हक्क तेवढा परक्याला मिळतो.

आपल्या मंडळांच्या दारात

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त टोचतो, कारण सगळा कारभार स्वयंसेवकांचा. डोमेन कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर आणि क्रेडिट कार्डावर नोंदलेले असते, समिती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते, आणि मुदत संपल्याची सूचना गाव सोडून गेलेल्या माजी सचिवाच्या ई-मेलवर जाते. नवी समिती मग सरळ नवे नाव घेते. या मंडळांची मातृसंस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची द्वैवार्षिक अधिवेशने घ्या: २०१९ ला डॅलस, २०२४ ला सॅन होजे, प्रत्येकासाठी सालाचा आकडा असलेले वेगळे डोमेन. उत्सवाच्या दृष्टीने हे छान दिसते, पण सालाचे नाव हे जन्मतःच सोडून द्यायचे नाव असते. स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, कलाकारांच्या नोंदी असा मजकूर, जो पन्नास वर्षांनी स्थलांतरितांचा इतिहास लिहिणाऱ्याला लागेल, तो आयोजकांची समिती विसर्जित होताच भाड्याच्या मुदतीवर लटकतो. १९८१ पासून चाललेल्या मातृसंस्थेच्या कायमच्या नावाखाली प्रत्येक अधिवेशनाला एक पान दिले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. मायबोलीसारखे १९९६ पासूनचे मराठी संकेतस्थळ आजही त्याच नावावर उभे आहे, हा आपल्या लोकांनी घालून दिलेला धडाच आहे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की पत्ते आपण होऊन बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. बर्नर्स-ली पत्ते न बदलण्याबद्दल बोलत होते. अमेरिकेत आता कायद्यानेच बदलायची वेळ आली आहे. कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे राज्यातल्या ५८ काउंट्या आणि पाचशेच्या आसपास शहरे यांनी १ जानेवारी २०२९ पर्यंत सरकारी डोमेनवर जायचे आहे. ज्यांचे स्थळ तोवर तसे नसेल त्यांनी ते सरकारी नावाकडे वळवायचे आहे. शहरांच्या जुन्या डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग नावांवर पाणीपट्टी भरली जाते, मतदानाची केंद्रे शोधली जातात. ती नावे कायमची कुणी राखायची आणि त्यांचे भाडे कुठल्या खात्यातून भरायचे, हा ठराव प्रत्येक नगरपरिषदेने नव्या नावाच्या ठरावाबरोबर त्याच बैठकीत करायला हवा. तो पुढच्या वर्षावर ढकलला, तर काही नावे तोवर लिलावात गेलेली असतील.